अजून माहीत नाही

गुरुजींचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नसे, आणि तो पोहोचू नये अशीच त्यांची इच्छा असे.

शहाऐंशी मुलांच्या वर्गात कुणीही ओरडूनच शिकवेल. माझ्याकडे त्याहून कमी मुलं होती, तरी मी ओरडायची. महिन्याभरात घसा असा बसला की डब्यातली भाकरी गिळताना पाणी प्यावं लागे. भिंतीपलीकडे गुरुजी मात्र घरातल्या माणसाशी बोलावं तसे बोलत. एकदा मी विचारलं, "मागच्या मुलांना ऐकू जातं का हो तुमचं?"

"नाही जात," ते म्हणाले. "ज्याला जात नाही तो मान पुढे काढतो, नाहीतर शेजाऱ्याला विचारतो. मग मला कळतं. मोठ्यानं बोललं की सगळेच ऐकल्यासारखे दिसतात."

माझी ती पहिलीच शाळा. महाडहून पोलादपूरकडे जाताना महामार्ग सोडून एक फाटा आत जातो, तिथल्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, मंजूर शिक्षक सात, हजर चार. वरच्या वाड्यांतल्या दोन शाळांना शिक्षकच उरले नव्हते, म्हणून तिथली मुलं उतार उतरून आमच्याकडे येत. कारखान्यांत कामाला आलेल्यांची मुलं वेगळी. मी महाडची, तळ्याजवळ राहणारी, नुकतीच शिक्षण सेवक म्हणून लागलेली. म्हणजे तीन वर्षं कच्ची नोकरी, अहवाल बरा गेला तर पक्की. माझ्याकडे दुसरी-तिसरीची एकसष्ट मुलं, गुरुजींकडे चौथी-पाचवी मिळून शहाऐंशी. ते तेव्हा पन्नाशीच्या पुढचे, अंगानं सुकलेले, पोलादपूरहून जुन्या स्कूटरवर येणारे. आम्हा बाकीच्यांना गाव सर आणि मॅडम म्हणे. त्यांना मात्र गुरुजीच.

त्यांच्या वर्गाच्या तीन भिंतींना फळ्याचा काळा रंग होता. तो त्यांनीच सुट्टीत स्वतः लावलेला. दर सोमवारी ते आपलं टेबल उचलून दुसऱ्या भिंतीला लावत आणि शहाऐंशी मुलांना बाकांसकट फिरायला लावत. तो गडगडाट माझ्या वर्गात असा ऐकू यायचा की माझी मुलं पाढा म्हणायची थांबत. मुख्याध्यापकांनी तक्रार केली तेव्हा गुरुजी म्हणाले, "मागचा बाक मुलं ठरवत नाहीत, सर. माझं टेबल ठरवतं."

आणि त्यांचे खिसे. पोलादपूरच्या एका शिंप्याकडून ते दोन खिशांचे शर्ट शिवून घेत. डाव्या खिशात औषधाच्या खोक्यांचे कापलेले शहाऐंशी तुकडे, प्रत्येकावर एका मुलाचं नाव. ज्या मुलाशी दिवसभरात खरोखर बोलणं झालं, म्हणजे त्यानं काही सांगितलं आणि यांनी ऐकलं, त्याचा तुकडा उजव्या खिशात जाई. हजेरीला 'हजर' म्हटलेलं धरत नसत. शाळा सुटल्यावर डाव्या खिशात जे उरत, त्यातल्या दोघा-तिघांच्या घरावरून ते स्कूटर नेत. दारात उभे राहत, पाणीही घेत नसत, मुलाला एक प्रश्न विचारत आणि निघत. गावातल्या बाया हसायच्या. "गो, गुरुजी आले बघ वसुलीला," असं म्हणायच्या.

मीही हसले होते. मुख्याध्यापक भला माणूस, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, सगळ्या कागदांना भिणारा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या नादाला लागू नका, बाई. माणूस चांगला आहे, पण गेल्या फेब्रुवारीपासून बिघडलाय."

फेब्रुवारीत काय झालं ते मला सायलीच्या आईनं सांगितलं. ती शाळेत खिचडी शिजवायची. पावसाळ्यातल्या एका दुपारी तांदूळ निवडता निवडता बोलली. सायली तेव्हा पाचवीत होती, कानामागे यंत्र लावलेली. मला वाटलं होतं, जन्मापासूनच असेल.

"माझी पोर दोन वर्सं गुरुजींच्याच वर्गात होती," सायलीची आई म्हणाली. "तिसरीला नि चौथीला. अक्षर कसं मोत्यासारखं. फळ्यावरचं सगलं उतरवून काढायची. कधी दंगा नाय, कधी तक्रार नाय. मलापण वाटायचं, शांत हाय पोर."

मग एक दिवस गुरुजी कसल्याशा कामानं वर्गाच्या मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी सायलीला हाक मारली. आजूबाजूच्या सगळ्या मुलांनी मागं वळून पाहिलं, ती वहीत लिहीत राहिली. त्यांनी पुन्हा हाक मारली. मग ते चालत तिच्या पुढ्यात गेले. तिनं वर पाहिलं, हसली आणि उभी राहिली. गुरुजी तिच्यासमोर तोंडावर हात धरून बोलले. ती नुसतीच हसत राहिली.

"ते माझ्याकडं चुलीपाशी आले," सायलीची आई म्हणाली. "बोलेनात. मला वाटलं पोरीला काय झालं. म्हणाले, 'सायलीला ऐकू येत नाही आणि मला दोन वर्षं कळलं नाही.' पोटची पोर, मला तरी कुठं कळलेलं? घरात मी एकटी, हिचा बाबा मुंबईला हॉटेलात. हाक मारायच्या आधी ती माझ्या तोंडाकडंच बघत असायची."

गुरुजींनी तिला स्वतः अलिबागला नेऊन तपासून घेतलं, यंत्र मिळेपर्यंत खेटे घातले. पण गावाला त्यांचं जे वेड वाटे, ते दुसऱ्याच गोष्टीतून आलं होतं. प्रत्येक सत्राअखेर शिक्षकानं प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात: वाचन कसं, स्वभाव कसा, प्रगती काय. बाजारात त्या नोंदींची तयार पुस्तकं मिळतात. शेकडो वाक्यं छापलेली, आपण उतरवून काढायची. अलिबागहून आल्यावर गुरुजींनी जुनी नोंदवही काढली. सायलीच्या नावापुढे, दोन्ही वर्षी, त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'सूचना लक्षपूर्वक ऐकते.'

मी रुजू झाले त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, त्यांनी नोंदी भरल्या. शहाऐंशीपैकी पंचावन्न मुलांपुढे नीट, त्या त्या मुलाचं म्हणून ओळखू येईल असं काही. उरलेल्या एकतीस मुलांपुढे लिहिलं, 'अजून माहीत नाही.'

तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी ते पाहिलं आणि त्यातल्या एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत होता. कुणी पाठवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सुट्टी संपून आम्ही परत आलो तेव्हा शाळेच्या फाटकाशी माणसं उभी होती. एकानं गुरुजींची स्कूटर अडवली. तो कारखान्यात पाळीवर कामाला जाणारा, मुलगी चौथीत.

"माझी पोर तुम्हांला म्हाईत नाय?" तो म्हणाला. "रोज येते ना शाळेत? मग तुम्ही करता काय आत बसून?"

"बसत नाही मी," गुरुजी म्हणाले. त्यांनी हे अगदी खरेपणानं सांगितलं, पण त्या माणसाला ती मस्करी वाटली. त्यानं स्कूटरची चावी काढून घेतली. दोघा-तिघांनी मध्ये पडून ती परत दिली, पण त्यानंतर गुरुजी मुलांच्या दारात गेले की दारं लागायला लागली. त्यांचा डावा खिसा दिवसेंदिवस जड राहू लागला.

पुढच्या मंगळवारी पालकांची सभा ठरली. गटशिक्षणाधिकारी मॅडम स्वतः येणार होत्या. शनिवारी मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि गुरुजींच्या नोंदवहीबरोबर एक कोरी वही पुढे सरकवली.

"ती जुनी म्हणजे कच्चं टिपण होतं असं आपण सांगू," ते म्हणाले. "ही पक्की. पंचावन्न नोंदी तशाच उतरवा. एकतीस तुम्ही भरा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"सर, मी त्या वर्गाला शिकवत नाही."

"मी तरी कुठं शिकवतो?" त्यांनी घाम पुसला. "बाई, गुरुजी वाचतील यानं. नाहीतर निलंबन होईल त्यांचं. आणि तुमचा अहवाल मीच लिहायचाय, हे मी तुम्हांला सांगायला नको."

त्यांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. ते माझ्याहून जास्त घाबरलेले होते. मी दोन्ही वह्या पिशवीत घातल्या आणि एसटीनं महाडला आले.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर लिहायला बसले. आई समोर वाल सोलत होती. पंचावन्न नोंदी उतरवताना हात चालत होता. मग पहिलं 'अजून माहीत नाही' आलं. मी तयार वाक्यांचं पुस्तक उघडलं. 'नीटनेटका राहतो.' 'गटकार्यात उत्साहाने भाग घेतो.' एकदा सुरू झाल्यावर सोपं होतं. लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. गुरुजींनी काही ठिकाणी नुसतं 'माहीत नाही' लिहून सोडलं नव्हतं. चौथीतल्या रोशनपुढे होतं: 'अजून माहीत नाही. गणपतीनंतर गप्प. का? दोनदा घरी गेलो, कुलूप होतं.'

त्या 'का'वर मी बराच वेळ थांबले. मग पुस्तकाचं पान उलटलं आणि लिहिलं, 'आनंदी व खेळकर आहे. मित्रांमध्ये रमतो.'

"तुझ्याच वर्गातली पोरं ना?" आईनं विचारलं.

मी हो म्हटलं.

सोमवारी नवी वही मुख्याध्यापकांना दिली. जुनी त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. गुरुजींना हे कसं कळलं कोण जाणे. मधल्या सुट्टीत नळावर हात धुताना ते शेजारी येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही.

"तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, बाई," ते हळूच म्हणाले. "त्याचीच मला भीती वाटते."

मंगळवारी सभेला एवढे पालक आले की गुरुजींच्याच वर्गात बसवावे लागले. बाकांवर बापे, खाली सतरंजीवर बाया, दारात आणखी माणसं. मी भिंतीला टेकून उभी होते. गटशिक्षणाधिकारी मॅडम माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, थकलेल्या डोळ्यांच्या. सकाळपासून ही त्यांची तिसरी शाळा होती. त्यांनी आधी गुरुजींना बोलू दिलं.

गुरुजी खिशावर हात ठेवून उभे राहिले. "शाळा पाच तास चालते," ते म्हणाले. "तीनशे मिनिटं. मी काहीच शिकवलं नाही, नुसता एकेका मुलाशी बोलत बसलो, तर प्रत्येकाला साडेतीन मिनिटं येतात. मी शिकवतो. मग किती उरत असतील, तुम्हीच बघा."

"आम्ही काय बघायचं?" स्कूटर अडवणारा उठला. "पगार सरकार तुम्हांला देतं का आम्हांला?"

"आधीचे गुरुजी पण एवढीच पोरं सांभाळत होते," मागून कुणीतरी म्हणालं. "त्यांना सगलं म्हाईत होतं."

"ह्यांना बदला. दुसरे द्या."

आवाज वाढला. गुरुजी बोलत होते, पण त्यांच्या त्या आवाजात काही ऐकू जाईना, आणि तो चढवायची त्यांना सवयच राहिली नव्हती. बाकांवरची माणसं पुढे सरकली. एकानं टेबलावर हात आपटला, तसे मुख्याध्यापक घाईनं उठले. "शांत व्हा, शांत व्हा. तो गैरसमज आहे. ते कच्चं टिपण होतं. पक्की वही ही आहे. मॅडम, तुम्हीच वाचून दाखवा."

मॅडमनी माझ्या हातची वही उघडली. एक-दोन नावं वाचली. ज्यांची मुलं होती ती माणसं जरा निवळली, माना हलवू लागली. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी पान उलटलं आणि वाचलं, "रोशन. आनंदी व खेळकर आहे. मित्रांमध्ये रमतो."

खाली बसलेल्या बायांमधून एक बाई उभी राहिली. तिशीची असेल. कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करायची हे मला नंतर कळलं. ती कुणाशी भांडल्यासारखी बोलली नाही.

"तो माझा रोशन," ती म्हणाली. "त्याचा बाबा गणपतीत मुंबईला वारला. तिकडंच सगलं केलं. तवापास्नं पोर घरात पण बोलत नाय. कोणी लिवलं हे?"

मॅडमनी वही तशीच उघडी धरली होती. मुख्याध्यापक माझ्याकडे पाहत नव्हते, मुद्दामच पाहत नव्हते. गुरुजींनीही पाहिलं नाही. मी गप्प राहिले असते तर त्या दोघांपैकी कुणीच माझं नाव घेतलं नसतं, याची मला आजही खात्री आहे.

"मी लिहिलं," मी म्हणाले. "मी त्याला ओळखत नाही. त्या एकतीस मुलांतल्या कुणालाच नाही. पुस्तकातून उतरवलं. गुरुजींची वही कपाटात आहे."

मॅडमनी मुख्याध्यापकांपुढे हात केला. त्यांनी किल्ली दिली. जुनी वही आली, मॅडमनी पान शोधलं आणि मनात वाचलं. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचायला हवं होतं असं नाही, पण त्यांनी वाचलं. गणपतीनंतर गप्प. का? दोनदा घरी गेलो, कुलूप होतं.

"मी कामावर असते," रोशनची आई म्हणाली. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती खाली बसली.

स्कूटर अडवणारा अजून उभाच होता. त्यानं मॅडमना विचारलं, "म्हणजे सगल्याच शाळांत हे असंच लिवतात?"

मॅडमनी दोन्ही वह्या मिटल्या.

दुसऱ्या दिवशी पालकांनी 'शिक्षक द्या' म्हणत शाळेला टाळं ठोकलं. मुलं पटांगणात बसली, आम्ही चौघं शिक्षक उन्हात उभे. पाचव्या दिवशी पंचायत समितीनं दुसऱ्या केंद्रातून दोन शिक्षक तात्पुरते दिले आणि चौथी-पाचवीचे दोन वर्ग झाले, त्रेचाळीस-त्रेचाळीसचे. त्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या होत्या. जाताना गुरुजींना म्हणाल्या, "तुम्ही ते मला येऊन तोंडी सांगायचं होतंत. कागदावर लिहिलंत की मला कारवाई करावी लागते." गुरुजी म्हणाले, "तोंडी मी तीन वर्षं सांगत होतो, मॅडम." त्या गाडीत बसल्या. महिन्याभरात गुरुजींच्या बदलीचा आदेश आला: पाचाडच्या बाजूची शाळा, पट सहा.

माझ्या अहवालात एक शेरा आला आणि तो पुसायला मला पुढे बरंच झगडावं लागलं. मुख्याध्यापक यथावकाश निवृत्त झाले. जूनमध्ये गुरुजींच्या जागेवरचा वर्ग मी मागून घेतला. रोशन त्यात होता. जवळजवळ दिवाळीपर्यंत तो मानेनंच हो-नाही करी. मग एकदा उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तिकडून फला दिसत नाय." मी त्याला पुढे बसवलं आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझा चेहरा त्यानं पाहू नये असं वाटलं.

गुरुजी मला त्यानंतर एकदाच भेटले. मागच्या वर्षी, महाडच्या एसटी स्टँडवर. पाचाडच्या गाडीची वाट पाहत बाकावर बसले होते, अजून सुकलेले. मी शेजारी बसले. सायली सातवीत वर्गात दुसरी आली, ती आता पहिल्या बाकावर बसायचं नाकारते, असं सगळं मी सांगितलं. ते ऐकत राहिले. मी म्हणाले, "तुम्हांला आता सहाच मुलं. सुख आहे."

"सहा जणांचं सगळं कळतं," ते म्हणाले. "नको तेवढं कळतं. पोरं कंटाळतात मला." मग म्हणाले, "सायली एकटीच असेल असं वाटतं का तुम्हांला, बाई? माझी नोकरी एकतीस वर्षं झाली. सगळी वर्षं मी त्याच पुस्तकातून उतरवत होतो."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"मागच्या महिन्यात हिरकणीवाडीला गेलो होतो," ते सांगू लागले. "रोपवेपाशी एकाच्या टपरीवर ताक प्यायला थांबलो. त्यानं मला लांबूनच ओळखलं. खुर्ची दिली, पाया पडला. पहिल्या पहिल्या वर्षांतला माझा विद्यार्थी, आता कानाजवळ पांढरे झालेत. मी काही त्याला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावरही नाही. तेवढ्यात त्याच्या मोबाइलवर काही निरोप आला, तर त्यानं तो बायकोकडे दिला. म्हणाला, 'वाच गो, काय हाय त्यात.' मी विचारलं, तू का नाही वाचत? तर हसायला लागला. म्हणाला, 'गुरुजी, मला कुठं येतं वाचाया? मी आपला मागं बसायचो.'"

"मग?"

"मग काय. पाच वाजता टपरी बायकोवर सोपवून खाली येतो माझ्या शाळेत. सहा पोरं घरी जायला तयार नसतात, त्याची गंमत बघत बसतात. बाराखडी चाललीय."

गाडी लागली. गुरुजींनी पिशवी उचलली, दोन पावलं गेले आणि परत वळले.

"त्याच्या वर्षी वर्गात अठ्ठ्याहत्तर होते, बाई," ते म्हणाले. "एक सापडलाय."